देव मानणारा माणूस स्वतःच्या डोक्यानं विचार करू शकतो का?

मलप्रभेकाठचा (धागा काढणारा)

आमच्या बेळगाव भागातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा वाद पेटला आणि अ‍ॅडमिननं गटाला कुलूप लावलं, म्हणून इथे मांडतोय. वाक्य असं होतं: "ज्यानं देव मानला त्यानं डोकं गहाण टाकलं. त्याला विचारवंत म्हणू नका, फार तर सज्जन म्हणा." लिहिणारा खानापूर तालुक्यातलाच, आता पुण्यात आयटीत. मुलगा हुशार आहे, उगाच बोलणारा नाही.

निमित्त वार पाळणुकीचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे देवीच्या यात्रेआधी ठरावीक वारी शेतीची कामं बंद ठेवतात. वडगावच्या मंगाई यात्रेआधीही वार पाळतात. यात्रा आषाढात आली आणि रोप लावणीला पाऊस नेमका त्याच दिवशी लागला, तर माणसं बांधावर उभी राहून चिखलाकडे बघत बसतात. एका गावात एका तरुण शेतकऱ्यानं बैठकीत विचारलं की दोन वार कमी करता येतील का. तो स्वतः देवीचा भक्त, घरात देव्हारा, ओटी भरायला पहिला. त्याला गप्प बसवलं. त्यावरून गटावर निष्कर्ष निघाला की बघा, श्रद्धा असली की असंच होतं.

मला हे उलटं दिसतं. त्या बैठकीत प्रश्न विचारणारा एकटाच होता आणि तो श्रद्धाळू होता. गप्प बसलेल्यांत दोघे-तिघे असे होते जे चहाच्या टपरीवर "देव-बिव काही नसतं" म्हणतात.

आपल्याच मातीतलं बघा. बाराव्या शतकात कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) बसवण्णांनी सगळ्या जातींच्या शरणांना, म्हणजे शिवभक्तांना, एकत्र बसवलं, देवळापेक्षा देहालाच देऊळ मानलं. हरळय्या चर्मकार, मधुवरस ब्राह्मण, त्यांच्या मुलामुलीचं लग्न झालं, आणि परंपरा सांगते की दोन्ही बापांना त्यासाठी जीव द्यावा लागला. जोतिराव फुल्यांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, भटशाहीचे वाभाडे काढले, पण निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानला. तुकोबा तर सरळ सांगतात: "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता." यातला कोणीही नास्तिक नव्हता.

देव मानणं वेगळं आणि गावाला घाबरणं वेगळं. दुसऱ्याचं पाप आपण पहिल्याच्या माथी मारतोय का?

तिरकस टिळकवाडीकर

धागा चांगला आहे, पण तुकोबांची ओळ सोयीपुरती उचललीत. त्याच अभंगात लगेच पुढे काय आहे? "मानियेला स्वप्नी गुरूचा उपदेश, धरिला विश्वास दृढ नामी." म्हणजे बहुमत मानलं नाही, पण स्वप्नात मिळालेला उपदेश मानला! गावाचा अधिकार नाकारला आणि त्या जागी असा अधिकार बसवला जो दुसऱ्या कोणालाच तपासता येत नाही. कवी म्हणून तुकाराम माझ्याही घरात आहेत. पण हा स्वतंत्र विचाराचा नमुना म्हणून देऊ नका.

बसवण्णा, फुले ही नावं नेहमी येतात. आठशे वर्षांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं काढून दाखवायची आणि म्हणायचं, बघा श्रद्धाळूही विचार करतात. बाकीच्यांचं काय?

आणि धारवाड इथून दीड-दोन तासांवर आहे, विसरू नका. कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गींनी आयुष्य शरणांच्या वचनसाहित्यात घातलं. १९८९ ला त्यांच्या संशोधनावरून एवढं रान उठलं की त्यांना लेखन मागे घ्यावं लागलं. ती आपली बौद्धिक आत्महत्या होती असं ते पुढे म्हणाले. ३० ऑगस्ट २०१५ ला घराच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरेंनाही. जिथे प्रश्नाची किंमत ही आहे तिथे "श्रद्धा आणि विचार एकत्र नांदतात" हे वाक्य जरा जपून लिहावं.

कुंदाप्रेमी

आमच्या आज्जीला विचारलो. म्हणाली, "देव मानतो की. खरं भटजीचं कोण ऐकतंय?" झालं उत्तर. आता कोणतरी मिरवणुकीतल्या डॉल्बीवर धागा काढा की वो, कान गेलेत माझे.

मलप्रभेकाठचा

तिरकस, पुढची ओळ मलाही पाठ आहे. मुद्दाम गाळली नव्हती, पण आणलीत ते बरं झालं, कारण खरा वाद तिथेच आहे.

विचार कुठून आला याला मी महत्त्व देत नाही. गणिती रामानुजन सांगायचा की सूत्रं नामगिरी देवी देते. त्याला केंब्रिजला बोलावणारा गणिती हार्डी पक्का नास्तिक. त्यानं काय केलं? देवीवर वाद घातला नाही, सूत्रं तपासली. बरीच खरी निघाली, काहींनी अख्खं शास्त्र पुढे नेलं. अविभाज्य संख्यांबद्दलचे रामानुजनचे काही सुरुवातीचे दावे मात्र चुकीचे निघाले, आणि देवीनं सांगितलंय म्हणून ते टिकले नाहीत. स्वप्नात मिळालेलं जागेपणी चारचौघांसमोर ठेवायची तयारी आहे का, एवढंच मी बघतो. तुकोबांनी स्वप्नानंतर जे लिहिलं ते इंद्रायणीच्या काठच्या लोकांसमोर ठेवलं, त्यासाठी जाच सोसला. लपवून कानात सांगितलं नाही.

कलबुर्गींबद्दल एकच म्हणतो. त्यांचा अभ्यास वचनांवरच्या प्रेमातून आला होता, तिरस्कारातून नव्हे. मारणारा आणि मरणारा यांच्यातली रेघ आस्तिक-नास्तिक अशी सरळ ओढता येत नाही.

कणकुंबीकर

मी घाटमाथ्यावरचा. आमच्याकडे कौल लावतात. हा विषय कौलाशिवाय बोलणं म्हणजे नुसतं वरवरचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गुरव देवाच्या अंगावर फुलं किंवा कळ्या चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणं घालतात: "बा देवा, अमुक करायचं असेल तर उजवा दे." उजव्या अंगाची कळी पडली की होकार, डाव्या अंगाची पडली की नकार. विहीर कुठे खणायची, यात्रा कधी, भांडण कसं मिटवायचं, सगळं यावर. शहरातला माणूस म्हणेल, झालं, डोकं गहाण.

पण जवळ उभं राहून बघा. सगळी अक्कल गाऱ्हाण्यात असते. "रस्ता करू का?" असं कोणी विचारत नाही. "रस्ता वरच्या वाडीकडून न्यायचा तर उजवा दे" असं विचारतात, कारण खालच्या वाडीकडून न्यायचा नाही हे आदल्या रात्री पडवीत ठरलेलं असतं. डावा आला तर "गाऱ्हाणं नीट घातलं नाही" म्हणून पुन्हा. तिसऱ्यांदा शब्द बदलून. कळी पडेपर्यंत कधी कधी दुपार होते. देव बिचारा कंटाळून उजवा देत असेल.

म्हणजे विचार होतो, भरपूर होतो. फक्त तो गाऱ्हाणं घालणाऱ्याचा असतो. बाई गाऱ्हाणं घालू शकत नाही. ज्यांना मान नाही त्यांना शब्द बदलायचा हक्क नाही. त्यांच्यापर्यंत फक्त "देवानं सांगितलं" एवढंच पोचतं. माझा राग देवावर नाही. ज्या चार घरांकडे प्रश्नाची चावी आहे त्यांच्यावर आहे.

आणि तरीही सांगतो, मी कौलाला जातो. दोन भावांचं वाटणीचं भांडण कोर्टात वीस वर्षं जातं, देवळात एका सकाळी संपतं, कारण दोघांनाही हरल्याची लाज वाटत नाही. याला स्वतंत्र विचार म्हणत नाही मी. पण मूर्खपणाही म्हणवत नाही.

तिरकस टिळकवाडीकर

कणकुंबीकर, हा प्रतिसाद खिशात ठेवण्यासारखा. पण तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. देवाचं नाव मध्ये आणलं की चार घरांची लबाडी झाकली जाते. तेच चार मानकरी ग्रामसभेत "आम्हाला वाटतं म्हणून रस्ता वरून" म्हणाले असते तर कोणीतरी उठून विचारलं असतं, का?

कणकुंबीकर

ग्रामसभेत कोण उठतं हो? एकदा येऊन बघा. ठरावाचं पुस्तक सह्यांसाठी घरोघरी फिरतं.

दरबारगल्ली

थोडं आमच्याकडचंही. दरवर्षी ईदच्या आदल्या दिवशी घरात एकच वाद: चंद्र. खगोलशास्त्र मिनिटाच्या हिशेबात सांगतं की चंद्र किती वाजता, किती अंशांवर असेल. बोहरा समाज गणिती पंचांगावर चालतो, त्यांना आकाशाकडे बघावंच लागत नाही. आमच्याकडे डोळ्यांनी दिसावा लागतो किंवा साक्ष यावी लागते. एकाच राज्यात भटकळला बऱ्याचदा आधी ईद होते आणि बेळगावात दुसऱ्या दिवशी. मी पाच वेळचा नमाजी, आणि माझं मत आहे की गणित मानावं. मशिदीबाहेर चहा घेताना मी हे उघड बोलतो. मौलाना ऐकून घेतात, हसतात, पटत नाही म्हणतात. मी तरी त्यांच्याच मागे नमाज पढतो. यात मी गुलाम झालो का? मला नाही वाटत. सणाची तारीख सगळ्यांनी मिळून पाळायची, मत आपलं ठेवायचं.

आता मोठं उदाहरण. १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: ग्लॅशो, वाइनबर्ग आणि अब्दुस सलाम. वाइनबर्ग उघड नास्तिक, सलाम कट्टर श्रद्धाळू. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी बसून १९६७-६८ च्या सुमारास एकाच सिद्धांतापर्यंत पोचले. देव असण्या-नसण्यानं समीकरणात काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो इतरत्र. सलाम पाकिस्तानातले, अहमदी पंथाचे. पाकिस्ताननं १९७४ ला अहमदींना घटनेतच बिगर-मुस्लिम ठरवलं. त्यांच्या थडग्यावर "पहिले मुस्लिम नोबेल विजेते" असं लिहिलं होतं, त्यातला मुस्लिम हा शब्द पुसून टाकला.

टिळकवाडीकर साहेब, बघा. श्रद्धाळू विचारवंताचा छळ नास्तिकांनी केला नाही. आमच्यासारख्याच श्रद्धाळूंनी केला. हे तुमच्या बाजूनं धरा की माझ्या, तुम्ही ठरवा.

वेदगंगा

मी चिकोडी तालुक्यातली, जैन शेतकऱ्याची मुलगी, आता नोकरीनिमित्त बेळगावात. आमच्याकडे या प्रश्नाचं छापील उत्तर तयार असतं: अनेकांतवाद. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू, कोणाचंच म्हणणं पूर्ण सत्य नाही. पर्युषणात व्याख्यान ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात अडचणीचा प्रश्न आला की त्याचीच ढाल होते. "तुझीही बाजू बरोबर, आमचीही बरोबर, आता जेवून घे."

पण मला दोन उपोषणं जवळजवळ ठेवून बघायची आहेत.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करा म्हणून. १ मे ते १० मे, आणि देऊळ खुलं झालं. त्याच वर्षी मुंबई इलाख्यानं मंदिर प्रवेशाचा कायदा केला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तो कायदा जैन मंदिरांना लावू नये म्हणून आचार्य शांतिसागरांनी धान्य वर्ज्य केलं, तेही वर्षानुवर्षं. १९५१ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल येईपर्यंत. आचार्य आमच्याच भागातले, भोजजवळ १८७२ ला जन्मलेले. माझ्या आजीच्या देवघरात त्यांचा फोटो आहे.

दोघंही श्रद्धाळू, दोघंही देहाला पणाला लावणारे. दोघांनीही कोणाच्या दबावाखाली काही केलं नाही. म्हणजे स्वतंत्र दोघंही. पण एकाचं दार उघडण्यासाठी आणि दुसऱ्याचं मंदिर वेगळं राखण्यासाठी. आचार्यांच्या बाजूनं सांगतात की प्रश्न जैन धर्म हिंदू धर्मापासून वेगळा आहे की नाही हा होता, जातीचा नव्हता. असेल. मला गुरुजींचं उपोषण पटतं, आचार्यांचं पटत नाही. हे मी घरात बोलते आणि तरी आजीबरोबर त्या फोटोला हात जोडते.

सांगायचं एवढंच की "स्वतंत्र विचार" म्हटलं की आपण "मला पटणारा विचार" असं धरून चालतो. या धाग्यात सगळेच तसं करताहेत.

आणखी एक. कर्मवीर भाऊराव पाटील, कुंभोजचे, जैन घरातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर बोर्डिंगवाले म्हणाले, आंघोळ करून आत या. त्यांनी नकार दिला, बोर्डिंग सुटलं. पुढे १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली. आंघोळीला नाही म्हणणं ही केवढीशी गोष्ट. पण जेवणाचं ताट आणि झोपायची जागा ज्यांच्या हातात आहे त्यांना नाही म्हणायचं होतं.

मलप्रभेकाठचा

वेदगंगाताई, दोन उपोषणांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. माझ्या मूळ मांडणीत स्वतंत्र आणि चांगला हे दोन्ही एकत्र झालेत, हे खरं.

तिरकस टिळकवाडीकर

मी अजून गांधींवर आलोच नाही. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथे बेळगावात, अध्यक्ष गांधी. आपण त्याची शताब्दी साजरी केली, हार घातले. त्याच गांधींनी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सांगितलं की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. हजारो माणसं मेली होती, त्यांत अस्पृश्यही होतेच की! असं वाक्य एरवी तर्कशुद्ध बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून आलं ते फक्त श्रद्धेमुळे. देव मान्य केला की कुठेतरी असा खड्डा राहतोच, आणि एक दिवस पाय त्यातच पडतो.

दरबारगल्ली

पुढचंही सांगा ना साहेब. त्याला जाहीर विरोध कोणी केला? रवींद्रनाथांनी. ते काय नास्तिक होते? ब्राह्मो घरातले, त्यांच्या कवितेत ईश्वर पानोपानी. भौतिक घटनेचं कारण भौतिकच असतं, नैतिकतेला त्यात ओढू नका, असं त्यांचं म्हणणं. आणि गांधींनी ती टीका आपल्याच साप्ताहिकात छापली, उत्तरही दिलं. स्वतःचं मत सोडलं नाही, हे तुमच्या बाजूचं. पण खड्डा दाखवणाराही देव मानणाराच होता.

कुंदाप्रेमी

सगळे देवाच्याच मागं लागलात. मी एक विचारू काय? इथं देव नाही म्हणणारे लई आहेत. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून १ नोव्हेंबरला मराठी लोक काळा दिन पाळतात, त्याच्या फेरीत जातात. जावं, मी बी जातो. खरं त्या फेरीत उभं राहून "आपल्या नेत्यांचं हे चुकतंय" असं मोठ्यानं कोण म्हटलंय काय आजवर? देवळात तरी डावा कौल येतो. आमच्याकडं सगळे कौल उजवेच.

सीमावासी ५६

याची वाटच बघत होतो. हुतात्म्यांनी रक्त सांडलं त्या लढ्याची तुलना कळ्या चिकटवण्याशी? लाज वाटायला हवी. कुंदा खा आणि गप्प बसा.

तिरकस टिळकवाडीकर

कुंदाप्रेमी, सीमाप्रश्न पुराव्यावर उभा आहे. जनगणनेचे आकडे आहेत, १९५६ ची पुनर्रचना आहे, १९६७ चा महाजन अहवाल आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. देवानं कोणत्या कोर्टात कागद दाखल केलेत?

मलप्रभेकाठचा

कागद आहेत हे मान्य, लढा माझाही आहे. पण सीमावासींनी वर जे लिहिलं ते वाचा. कुंदाप्रेमींनी लढा खोटा म्हटलं नाही, आपल्या नेत्यांना प्रश्न विचारता येतो का एवढंच विचारलं. उत्तर काय मिळालं? "गप्प बसा." वार पाळणुकीच्या बैठकीतही त्या मुलाला हेच सांगितलं होतं.

उलट बाजूनंही बघा. धारवाडकडच्या माझ्या कन्नड मित्रांत एक पक्का बुद्धिवादी आहे. देव, ज्योतिष, सगळं झुगारलेलं. भाषेचा विषय निघाला की त्याचे डोळे पुजाऱ्यासारखे होतात. रशियाचं उदाहरण तर जगजाहीर आहे. स्टालिनच्या राज्यात देव अधिकृतपणे हद्दपार होता, आणि लायसेन्कोचं चुकीचं जीवशास्त्र सरकारी सत्य म्हणून लादलं गेलं. विरोध करणारा वाविलोव्ह, ज्यानं जगभरातून बियाणं गोळा केलं, तो १९४३ ला तुरुंगात मेला. आणि ज्या अनुवंशशास्त्राला लायसेन्को शिव्या देत होता त्याचा पाया घालणारा मेंडेल ब्रनोच्या मठातला साधू.

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे, तिकडे जा. इथले दोन प्रतिसाद उडवले आहेत. वैयक्तिक शेरे नकोत.

घटप्रभा

उशिरा आले, वरचं सगळं वाचलं. मी गोकाक-सौंदत्ती भागात बायकांमध्ये काम करते. इथे आतापर्यंत मोठी माणसं आली: गांधी, टागोर, नोबेलवाले. मला कोणीच नाव न ऐकलेल्या बाईबद्दल लिहायचं आहे.

मुलीच्या केसात जट आली की आमच्याकडे म्हणतात, यल्लम्मा देवीनं बोलावलं. खरं तर केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत, घाण-तेल-कोंडा साचला, गुंता झाला की जट होते. भीतीनं कोणी हात लावत नाही, मग ती वाढतच जाते. पूर्वी अशी मुलगी देवीला सोडायची, म्हणजे देवदासी करायची, गळ्यात मोत्यांची माळ बांधायची, आणि वयात आली की पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबई इलाख्यात १९३४ ला याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकात १९८२ ला. कायदा झाला म्हणून जट यायची थांबत नाही.

ही बाई मजुरी करणारी, नवरा नाही, मोठ्या मुलीला जट आलेली. दीर, सासू, गल्ली, सगळे एका बाजूला. देवीचा कोप होईल, धाकटा पोरगा जाईल, अशी भीती घातलेली. आम्ही गेलो तेव्हा आमच्यातल्या एका उत्साही मुलानं तिला सांगायला सुरुवात केली की देवी वगैरे काही नसतं. तिनं त्याला पाणी दिलं आणि आत निघून गेली. तो विषय तिथेच संपला असता.

काही महिन्यांनी तिनंच बोलावलं. तिचं ठरलं होतं. मी तिचंच वाक्य देते: "केस देवीचे असतील तर केस देवीला देतो. पोरगी माझी." जट कापली, फडक्यात बांधली, पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन वाहिली, भंडारा उधळला, "उदो" म्हणून ओरडली, आणि मुलीला घेऊन परत आली. मुलगी शाळेत जाते. बाई अजूनही दर यात्रेला डोंगरावर जाते.

आता सांगा, ही स्वतंत्र विचार करते की नाही? देव सोडला असता तर गल्लीनं तिला वेडी ठरवून मुलगी ताब्यात घेतली असती. तिनं देवीशीच हिशेब केला, आणि असा केला की दिराला तोंड उघडता येईना.

वेदगंगा

घटप्रभाताई, हे वाचून जरा वेळ काही लिहवेना.

तिरकस टिळकवाडीकर

बाईला नमस्कार, मनापासून. पण भारावून जाऊन मुद्दा सोडू नये.

पहिलं, ती जिंकली कारण तिच्या पाठीशी कायदा होता, तुम्ही होतात, शाळा होती. १९३४ च्या आधी अशाच हुशार बाया असतीलच की. त्यांचं काय झालं? दुसरं, तिनं केस देवीचे हे मान्यच केलं. पुढच्या घरात जट आली की भीती तशीच आहे. तिच्या युक्तीनं एक मुलगी सुटली, जटेची भीती शाबूत राहिली. मला ती भीती जायला हवी आहे. म्हणून मी तुमच्या त्या उत्साही मुलाच्या बाजूचा आहे, जरी तो कच्चा निघाला तरी.

कणकुंबीकर

टिळकवाडीकर, भीती गेली की युक्ती करायची गरज उरत नाही, कबूल. पण भीती कोणी घालवायची? बाहेरून येणाऱ्याला पाणी मिळतं आणि दार लागतं. तिनं मात्र गाऱ्हाण्याचा शब्द स्वतः बदलला. आमच्याकडे ज्याला मान नाही त्याला तो बदलता येत नाही म्हणून मी वर रडलो होतो. या बाईनं न विचारता मान घेतला.

घटप्रभा

तिरकस सर, तुमचा दुसरा मुद्दा बोचला, कारण खरा आहे. गल्लीत काय झालं ते सांगते. तिच्यानंतर शेजारच्या घरानं जट कापली. तिनं सांगितलं म्हणून, आम्ही सांगितलं म्हणून नाही. त्यापलीकडच्या घरानं अजून कापलेली नाही. तिथली आई तयार आहे. अडवतोय तिचा थोरला मुलगा. बारावी सायन्सला आहे. "उगाच कशाला विषाची परीक्षा" म्हणतो.

तिरकस टिळकवाडीकर

बारावी सायन्स म्हणजे सीईटीची पाठांतरं, त्याला विज्ञान म्हणत नाहीत. मी निवृत्त जीवशास्त्राचा मास्तर आहे. त्या मुलाशी बोलायला यायला तयार आहे. रविवारी जमेल.

घटप्रभा

जरूर या सर. खासगी निरोपात पत्ता ठरवू. फक्त देव नाही हे सांगायला येणार असाल तर नका येऊ. केसांत काय होतं ते सांगायला या, आणि भिंग घेऊन या. त्याची आईही बसेल ऐकायला.